पुढचं पान न वाचणारे सेन्सेई

जनरलला ताप आला की सेन्सेईंच्या घरी दुपारी मऊ भात व्हायचा. नुसता मऊ भात, वर एक उमेबोशी म्हणजे आंबटखारट मुरवलेलं फळ, बाकी काही नाही. मी पहिल्यांदा त्या घरी जेवायला बसले तो नेमका तापाचा चौथा दिवस होता. सायकल हाणत क्योतोच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आलेली मी, पोटात कावळे कोकलत होते, आणि समोर आली पेज. मी चोरून सेन्सेईंच्या बायकोकडे, ओकुसानकडे पाहिलं. सेन्सेई हात धुवायला उठल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "परवा उतरतोय ताप. शुक्रवारी ये, मासा करते."

ज्याला ताप आला होता तो जनरल मरून पावणेदोनशे वर्षं होत आली होती.

सेन्सेई म्हणजे आमच्या विद्यापीठातले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. वय ऐंशीच्या घरात, अंगाने काटकुळे, आणि उन्हाळा असो की बर्फ, गळ्यात तोच एक राखाडी मफलर. मी तिथे पीएचडी करत होते. दख्खनमधले जुने दुष्काळ हा माझा विषय, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी पत्रांतून पावसाच्या नोंदी वेचत बसायचं. त्यासाठी मी पुण्यात मोडी शिकून आले होते. अख्ख्या क्योतोत मोडी वाचणारी माणसं बहुधा दोनच होती, एक सेन्सेई आणि एक मी. त्यांची नजर अधू होत चालली होती, म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडे बाइतो करायला, अर्धवेळ कामाला, मी जाऊ लागले.

आज ते नाहीत. दोन वर्षं झाली. मी आता तोक्योत, एदोगावाला राहते, नवरा तोयोसुला कामाला जातो, आणि माझी मुलगी मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते. तिला मी सेन्सेईंच्या गोष्टी सांगते तेव्हा ती म्हणते, आई, असं कुणी असतं का? असतं बाई. मी त्यांच्या घरची पेज खाल्लेली आहे.

तर तो जनरल. सोळाव्या वर्षी कंपनी सरकारच्या फौजेत भरती होऊन तो हिंदुस्थानात आला आणि नोकरीची सगळी वर्षं आपल्याच मुलखात काढली. रोज डायरी लिहायचा, बहिणीला पत्रं लिहायचा, आणि मराठी सरदारांशी त्याचा मोडीत पत्रव्यवहार चालायचा. सेन्सेई चाळिशीत असताना त्यांनी या कागदांच्या नकला मिळवल्या आणि त्याचं चरित्र लिहायला घेतलं. पद्धत मात्र त्यांची स्वतःची. आज आठ मार्च असेल तर त्या वर्षाच्या आठ मार्चचाच कागद उघडायचा. नऊ मार्चचा उद्या. एका दिवशी एक दिवस. जनरलबद्दलचं एकही छापील पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं. त्याचं पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक व्हायला नको होतं. खोक्यांवर 'जनरल' असं छापलेलं असल्यामुळे हा गृहस्थ कधीतरी जनरल होणार एवढं कळलं होतं, आणि तेवढंही कळल्याचं त्यांना दुःख होतं.

मी एकदा न राहवून विचारलं, "सेन्सेई, चाळून घ्यायला काय हरकत आहे? काम पटकन होईल."

"उद्याचे ठाऊक असलेला मनुष्य आजचे खोटे लिहितो," ते म्हणाले.

हो, मराठीत म्हणाले. त्यांची मराठी हा एक स्वतंत्र मामला होता. ती त्यांनी माणसांकडून नाही, मोडी पत्रांतून उचलली होती. त्यामुळे ते पेशवाईतल्या कारकुनासारखे बोलायचे. फोन उचलला की, "येथील क्षेम. आपले वर्तमान सांगणे." ठेवताना, "बहुत काय बोलणे," आणि खट्. तरुणपणी पुण्यात आले असताना त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं होतं, "पर्वतीचे पायथ्यापावेतो पोहोचते करावे." रिक्षावाल्याने नीट पोहोचवलं आणि उतरताना विचारलं, की काका, शूटिंग कुठे चाललंय. हे सांगताना सेन्सेई डोळे पुसेपर्यंत हसायचे.

जनरलचा हुद्दा ज्या दिवशी जो असेल त्याच नावाने त्याचा उल्लेख व्हायचा. आधीची कित्येक वर्षं तो लेफ्टनंट-सान, म्हणजे लेफ्टनंटसाहेब, होता, मग कॅप्टन-सान, मी गेले तेव्हा कर्नल-सान. बढती मिळाली की ओकुसान लाल चवळीसारख्या दाण्यांचा मंगल प्रसंगीचा भात, सेकिहान, शिजवायच्या. त्याचा घोडा मेला तेव्हा सेन्सेई तीन दिवस बसमध्ये न बसता सगळीकडे पायी हिंडले होते म्हणे. विद्यापीठात सगळ्यांना हे ठाऊक होतं. नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवायचे, कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा, आणि सेन्सेईंसमोर काय बोलायचं नाही. एका परिषदेत बाहेरून आलेला एक विद्वान जनरलच्या उतारवयाबद्दल बोलू लागला. सेन्सेईंनी पहिल्या रांगेत बसल्या बसल्या दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटून घेतले. दोन विद्यार्थ्यांनी पाहुण्यांना अतिशय अदबीने चहाला नेलं. भाषण तिथेच संपलं.

मला हे सगळं आधी फार गमतीचं वाटलं. पुण्याला फोन करून मी आईला नक्कल करून दाखवायची. गंमत संपली ती दुसऱ्या महिन्यात.

माझं काम असं की पुण्याहून स्कॅन होऊन आलेली मोडी पत्रं वाचायची, मोठ्या बालबोध अक्षरात उतरवायची, तारीख लावायची, पाकिटात घालून त्या त्या वर्षाच्या खोक्यात ठेवायची. म्हणजे पुढचं वाचायची परवानगी त्या घरात एकट्या मला. आणि पुढे काय होतं, ते मी वाचलं. एका डोंगरी किल्ल्याला या माणसाने वेढा घातला. किल्लेदाराला कौल दिला, म्हणजे लेखी वचन, की खाली उतरून या, जिवाला धक्का लागणार नाही. किल्लेदार उतरला. त्याला त्याच्याच किल्ल्याच्या दरवाजावर फाशी दिलं. कारण काय, तर दरवाजा उघडायला उशीर केला.

आणि इकडे सेन्सेईंचं कर्नल-सानबद्दलचं लाडकं वाक्य होतं, "हा मनुष्य शब्दाचा खरा." ते उगाच म्हणत नव्हते. त्या माणसाने मेलेल्या शिपायाच्या बायकोला दिलेला शब्द अकरा वर्षं पाळला होता. रस्त्याच्या कडेला चिंचा लावून त्यांना पाणी घालायला माणूस ठेवला होता. चाळीस वर्षं रोज सकाळी एकत्र उठावं तसं सेन्सेई त्याच्याबरोबर उठत होते. सख्ख्या भावावर करणार नाही एवढा जीव त्याच्यावर टाकला होता त्यांनी.

मी स्वयंपाकघरात ओकुसानना मदत करत होते. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "किल्ल्यापर्यंत आलीस वाटतं."

मी थक्क झाले. "तुम्हाला माहितीये?"

"तीस वर्षांपूर्वी लायब्ररीत जाऊन त्याचं अख्खं चरित्र वाचलं मी. नवरा कुणाच्या नादी लागलाय ते बायकोला कळायला नको?" त्या मुळा किसत होत्या, किसतच राहिल्या. "तो दिवस यायला अजून दोन वर्षं आहेत. कधी कधी वाटतं, त्याआधीच हे गेले तर बरं. नवऱ्याबद्दल असं मनात आणणारी बायको म्हणजे काय म्हणावं."

त्या दिवसापासून मीही ती दोन वर्षं मोजू लागले. सेन्सेई आपल्या खणखणीत जुन्या मराठीत "शब्दाचा खरा" म्हणायचे आणि मी मान खाली घालून पाकिटावर तारीख घालत बसायची. हे सांभाळणं आता माझ्याकडे होतं. ते नीट त्या दिवसापर्यंत पोहोचले पाहिजेत, आणि तो दिवस त्यांना झेपला पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

आणि मग मी माती खाल्ली.

जुन्या कागदांवरचा सन जानेवारीत बदलत नाही आणि पाडव्यालाही बदलत नाही. तो बदलतो मृगाला, शेतकऱ्याच्या हिशेबाने, जूनच्या सुरुवातीला. इसवी सन काढायचा तर मृगानंतरच्या कागदात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदात ६००. मोडीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात हे घोकून घेतात. एका गठ्ठ्यात बहुतेक कागद पावसाळ्यातले होते. मी सगळ्यांना सरसकट ५९९ लावून मोकळी झाले. त्यात एक कागद वैशाखातला होता. तो एक वर्ष आधीच्या खोक्यात गेला.

मे महिन्यातला शुक्रवार. सकाळचा चहा झाला. सेन्सेईंनी त्या दिवसाचं पाकीट उघडलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं. सुरुवातीलाच 'जरनेल साहेब बहादूर' असा मायना आला. ते थांबून हसले. "कर्नल-सान यांस चढवून लिहिले आहे. काही मागणे असेल."

माझ्या हातातली पेन्सिल तिथेच थांबली. मला कळलं की कुठला कागद आहे. हातातून ओढून घ्यावा असं वाटलं, पण हात उचलेना. ते वाचतच होते.

"साहेबीं कौल देऊन किल्ला घेतला. आमचे यजमान कौलावर भरवसा ठेवून खाली उतरले. त्यांस दरवाजावर फाशी दिले. जे जाहाले ते जाहाले. देह तरी द्यावा. मुलाचे हाते क्रिया व्हावी."

पत्र किल्लेदाराच्या बायकोचं होतं. सेन्सेईंनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं. मग त्या दिवसाची डायरी पुढे ओढली. "कर्नल-सान आज तेथे नाहीत," ते म्हणाले. "ते दूर आहेत. दाढ दुखते म्हणोन तीन दिवस छावणीबाहेर गेले नाहीत." मग माझ्याकडे पाहिलं. "हे पत्र आजचे नव्हे. हे पुढील सालचे."

मी पाकीट घेतलं, सन मोजला. पहिलीतल्या पोराने करावी तशी चूक. चाळीस वर्षं अख्ख्या विद्यापीठाने जे जपलं ते मी एका बेरजेत घालवलं होतं. मला रडू आवरेना. ओकुसान दारात येऊन उभ्या होत्या. सेन्सेई उठले, अंगणात गेले आणि तिथल्या लहानशा मेपलच्या झाडाखाली पाठमोरे उभे राहिले. बराच वेळ. मी सामान उचललं आणि निघून आले.

मंगळवारी मी गेले नाही. लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं होतं. दोन पानी माफीपत्र पाठवलं, सोडून दे म्हणाल तर सोडते असं लिहिलं. दुपारी फोन आला.

"येथील क्षेम. मंगळवार असोन आपण आला नाहीत."

"सेन्सेई, माझ्यामुळे..."

"पत्रे वाचणार कोण? सत्वर येणे. बहुत काय बोलणे."

गेले. टेबलावर एक नवं, रिकामं खोकं ठेवलं होतं. झाकणावर त्यांनी स्वतःच्या हाताने, बालबोधीत, 'किल्लेदार' असं लिहिलं होतं.

"त्यांस अजून एक वर्ष आहे," सेन्सेई म्हणाले. "इतके दिवस मी एकाच मनुष्याचे घरात राहिलो. या किल्लेदारांचे घर पाहिले नाही. आपण त्यांची पत्रे शोधावी. त्यांचेही दिवस लिहू."

खरं सांगते, मला वाटलं होतं की एक तर ते चिडतील, नाहीतर खचतील. हे असं काही माणूस करू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

वर्षभर आम्ही ते केलं. पुण्यातल्या ओळखीपाळखी काढून मी शंभरेक कागद मिळवले. किल्लेदार साधा माणूस होता, कटकट्या. धान्याचं कोठार गळतं, दिव्यांना तेल पुरत नाही, वरून माणसं पाठवत नाहीत, हेच रडगाणं. पण कोठार गळायचं म्हणून तो पावसाची बारीकसारीक नोंद करायचा. कधी लागला, किती दिवस झड होती, ओढ्याला पाणी कुठवर चढलं, सगळं. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण उभं आहे ते या माणसावर. एकदा त्याने शेजारच्या गावी काकडीचं बी मागितलं होतं. ते पाठवल्याचा कागद मिळाला नाही तेव्हा सेन्सेई आठवडाभर विचारत होते, "काकडीचे बी पावले काय?"

आणि दुसरीकडे रोजचा कर्नल-सानचा कागदही उघडत होतेच. त्याच शरदात त्याला बढती मिळाली, तो जनरल झाला. ओकुसाननी दाराशी येऊन विचारलं, "सेकिहान करू का?"  सेन्सेईंनी डायरी मिटली. मग जपानीत म्हणाले, "कर. आज त्याने काही केलेलं नाही." भात झाला. त्यांनी एक वाटी खाल्ली, दुसरी घेतली नाही.

त्या वर्षात एक पथ्य मात्र त्यांनी पाळलं. पुढचं माहीत होतं म्हणून मागच्या एकाही चांगल्या ओळीवर त्यांनी काट मारली नाही. 'शब्दाचा खरा' जिथे जिथे लिहिलं होतं तिथे ते तसंच आहे. मी एकदा रागाने म्हणाले होते, की खोडून टाका ते. "ज्या दिवशी लिहिले त्या दिवशी ते खरे होते," म्हणाले. माझा स्वभाव असा, की एखाद्याचं एक काही खटकलं की त्याचं सगळंच फुकट. नवऱ्याला विचारा. आता निदान बोलण्याआधी थांबते मी, आणि ते थांबणं मी त्या टेबलाशी बसून शिकले. त्याबद्दल सेन्सेईंना हात जोडते, मनापासून.

तो दिवस आला. मी वार बघितला नाही, सकाळीच गेले. ओकुसाननी दार उघडलं आणि माझा हात क्षणभर धरून ठेवला. सेन्सेई टेबलाशी होते, मफलर गळ्यात. त्यांनी जनरलची डायरी वाचली. तीन ओळी. उष्मा फार. किल्ला ताब्यात आला. घोड्याचा नाल बदलायला हवा. बस. फाशीबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या खोक्यात किल्लेदाराचा त्या दिवसाचा कागद नव्हताच, कसा असणार.

त्यांचा नियम असा की त्या दिवसाच्या कागदात असेल तेवढंच लिहायचं. अकरा वाजले, बारा वाजले, कोरा कागद समोर आणि पेन हातात. ओकुसान दोनदा चहा ठेवून गेल्या, दोन्ही वेळा तो निवला. शेवटी सेन्सेईंनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"आज आपण लिहावे. मराठीत."

"सेन्सेई, पुस्तक जपानी आहे."

"होय. परंतु यांचे मरण मी भाषांतर करोन लिहू नये."

मी लिहिलं. काय लिहू, कसं लिहू असं काही झालं नाही. वर्षभर त्या माणसाची कटकट ऐकली होती, तो मला घरचा झाला होता. त्याचं नाव लिहिलं. गळकं कोठार लिहिलं. कौल दिला होता हे लिहिलं, कुणी दिला ते लिहिलं, तो खाली उतरला हे लिहिलं आणि दरवाजाचं लिहिलं. सात ओळी झाल्या. सेन्सेईंनी त्या वाचल्या आणि एकही शब्द न बदलता चरित्राच्या गठ्ठ्यात घातल्या. ते पुस्तक पुढे छापून आलं त्यात ते पान तसंच आहे, अख्ख्या जपानी पुस्तकात देवनागरीतलं एकच पान. लोक छपाईची चूक समजतात.

दुसऱ्या दिवशी ओकुसानचा फोन आला, की त्यांनी आजचं पाकीट उघडलेलं नाही, तू येशील का. मी धावत गेले. सेन्सेई अंगणाकडे तोंड करून बसले होते, तब्येत ठीक होती. मला समोर बसायला सांगितलं.

"आता पुढचे सांगावे," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी हे विचारलं होतं. मी ओकुसानकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली आणि त्याही येऊन बसल्या. मी सांगितलं. चौकशी झाली, दोन ओळींची समज मिळाली. मग मोठा हुद्दा, 'सर' किताब, निवृत्ती. विलायतेत मळा घेतला, गुलाब लावले. आणखी वीस-बावीस वर्षं जगला, म्हातारा होऊन अंथरुणात गेला, लोक हळहळले. सेन्सेई मान थोडी तिरकी करून ऐकत होते, कान उघडे, हात मांडीवर. वीस-बावीस वर्षं सांगून व्हायला अर्धा तास पुरला.

"आणि त्या बाई?" सेन्सेईंनी विचारलं. "त्यांस देह मिळाला?"

"माहीत नाही, सेन्सेई."

"उत्तर गेले असेल."

"सापडलेलं नाही. कुठल्याच पुस्तकात त्यांचं काही नाही. ते एक पत्र, त्याच्यापुढे कागद नाही."



"जनरल-सान यांचे पुढचे मी वाचले नाही, ते माझ्या मर्जीने," सेन्सेई म्हणाले. "या बाईंचे पुढचे कोणी लिहिलेच नाही."

त्या दिवसापासून मी ते शोधते आहे.